गादीपाट म्हणतील, म्हणू द्या

पिवळ्या-काळ्या रुंद पट्ट्यांचा कुर्ता मी आयुष्यात पहिल्यांदा शिवून घेतला आणि तो घालून थेट सदाशिव पेठेत आत्याकडे गेले. तिने दार उघडलं, दोन पावलं मागे सरकली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "अगं, गादीपाट कुणी दिला तुला अंगात घालायला?"

आतून काकांनी भर घातली, "वाघ आलाय का गं?"

कापड चांगलं होतं. हातमागाचं, जाड पोताचं, दोन्ही रंग एकदम पक्के. तरीही आत्याचं काही चुकलं नव्हतं. घरी येऊन आरशासमोर आडवी उभी राहिले तेव्हा कळलं. काखेखालच्या शिवणीवर पुढची काळी पट्टी मागच्या पिवळीला येऊन धडकत होती, आणि पुढे कमरेपर्यंत तसंच. पायऱ्या मोडलेल्या जिन्यासारखं दिसत होतं ते. कुर्ता शिवणाऱ्या मास्तरांना मी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून पट्ट्यांच्या कपड्यांबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. आडवी रेघ की उभी, जाड दिसतं की बारीक, या चर्चेत लोक आयुष्य घालवतात. खरा निकाल लागतो तो पट्टीच्या रुंदीवर आणि शिवणीवर.

पण आधी भीतीचं बघू. पुण्यात ठळक पट्टे घालायला माणूस बिचकतो. 'भडक' हा आपल्याकडे रंगापेक्षा स्वभावाबद्दलचा शेरा असतो. शिवाय पट्ट्यांच्या कापडाची आपली ओळखच मुळी घरगुती आहे. गादीचा पाट, सतरंजी, चट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, आणि नाडी लोंबणारी ती सुप्रसिद्ध चड्डी. सिनेमातला कैदीही पट्ट्यांचाच. त्यामुळे चारचौघांत मिरवायचं कापड म्हणून त्याच्याकडे बघायला आपण जरा उशिराच शिकलो. युरोपात तर याहून वाईट होतं. 1254 मध्ये कार्मेलाइट पंथाचे साधू पट्ट्यांचे झगे घालून पॅरिसमध्ये आले तेव्हा रस्त्यावर त्यांची टर उडवली गेली. पट्टे म्हणजे बहिष्कृतांचं, विदूषकांचं कापड, असा तिथला समज होता. वाद इतका चिघळला की 1287 मध्ये त्यांनी तो झगा सोडून पांढरा घेतला. मिशेल पास्तुरो या फ्रेंच इतिहासकाराने पट्ट्यांच्या या बदनामीवर 1991 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

पुढे त्याच फ्रान्सच्या आरमाराने 1858 मध्ये खलाशांसाठी पट्ट्यांची बंडी ठरवून दिली. तिचं माप आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पांढरी पट्टी 20 मिलिमीटरची, निळी 10 मिलिमीटरची, आणि पांढऱ्या पट्ट्या 21. फॅशन स्ट्रीटवर हँगरला लटकलेला निळा-पांढरा टी-शर्ट याच बंडीचा नातू. दीडशे वर्षांहून अधिक काळ ती कुणाच्याही डोळ्यांना खुपली नाही, याचं कारण मला त्या मापात दिसतं. दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या नाहीत. एक दुप्पट आहे. सारख्या रुंदीचे, टोकाच्या विरोधी रंगांचे पट्टे शेजारी शेजारी आले की डोळ्याला टेकायला जागा मिळत नाही, आणि मनात मांडव, तंबू, गादी असं काहीतरी येतं. माझा पिवळा-काळा कुर्ता नेमका तसा होता. दोन इंच पिवळं, दोन इंच काळं.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात कधी वाघासमोर निवांत उभे राहिलात तर हेच दिसेल. एकही पट्टा दुसऱ्यासारखा नाही. काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ, खांद्यावर जवळजवळ नाहीच. कापड निवडताना हा हिशोब मनात ठेवावा. एक रंग मालक, दुसरा भाडेकरू. दोघांनी अर्धं-अर्धं घर वाटून घेतलं की भांडण ठरलेलं.

पट्टे परदेशी नाहीत, हेही सांगायला हवं. आपल्या धनगरी घोंगडीचं काळंभोर अंग आणि काठाच्या पांढऱ्या रेघा बघा. एवढं कमी बोलून एवढं ठळक दिसणारं दुसरं वस्त्र मला माहीत नाही. डोरिया नावाच्या रेघांच्या तलम कापडाचा व्यापार शतकांपूर्वी हिंदुस्थानातून जगभर चालायचा. इंग्रजीत ज्याला 'सिरसकर' म्हणतात, त्या उन्हाळी पट्टेरी कापडाचं नाव फारसीतल्या 'शीर-ओ-शकर' म्हणजे दूध-साखर यावरून पडलं. एक पट्टी दुधासारखी गुळगुळीत, एक साखरेसारखी खरबरीत. गुजरातचं मशरू तर पट्ट्यांसाठीच ओळखलं जातं, वरून रेशमी झळाळी आणि आतून अंगाला लागणारं सूत. आणि पुण्यातल्या बायकांच्या कपाटात हमखास सापडणारी महेश्वरी साडी. अहिल्यादेवी होळकरांच्या आश्रयाने महेश्वरला वाढलेल्या या विणकामात पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे. अंगावर चंद्रतारा, बेली, परबी अशा नावांच्या रेघा आणि चौकडे. तेव्हा "हे आपल्यात चालत नाही" असं कुणी म्हणालं तर त्यांच्याच घरातला पदर उघडून दाखवावा.

आता तो जाड दिसण्याचा प्रश्न. आडव्या पट्ट्या जाड दाखवतात, उभ्या बारीक, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो असतो. हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच उलटं लिहून ठेवलं होतं. आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या तेवढ्याच चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद वाटतो, आणि आडव्या पट्ट्यांच्या झग्यात स्त्रिया उंच दिसतात. 2011 मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्प्सन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी हे मोजून पाहिलं. उभ्या रेघांचा आयत आडव्या रेघांच्या चौकोनाएवढा उंच भासायला 7.1 टक्के वाढवावा लागला, आणि आडव्या रेघांची आकृती उभ्या रेघांच्या चौकोनाएवढी रुंद भासायला 4.5 टक्के रुंद करावी लागली. कपड्यांच्या चित्रांवर, दंडगोलांवर, दुकानातल्या पुतळ्यावरही निकाल त्याच बाजूचा आला. प्रत्यक्ष माणसांवर, वेगवेगळ्या बांध्यांवर हा फरक नेहमी एवढा स्वच्छ दिसेलच असं नाही. पण आडव्या पट्ट्यांवर ठेवलेला जाडीचा आरोप काही सिद्ध होत नाही. निदान तेवढ्यासाठी तरी कापड परत ताग्यात गुंडाळू नका.

मग काय बघायचं? रुंदी. आपल्या आज्या साडीचा काठ बोटांनी मोजायच्या. दोन बोटी काठ, चार बोटी काठ. पट्ट्यांना हेच माप लावावं. बोटाहून बारीक रेघ ही ठळक नसतेच. लांबून ती रंगात विरघळते आणि कापड साधंच दिसतं. एक ते दोन बोटांची पट्टी बहुतेकांना चालते. चार बोटी पट्टा घालायचा तर तो अंगावर मोजका यावा. कुर्त्याच्या घेरावर तीन, पदरावर पाच, शालीच्या दोन टोकांना एकेक. उंची कमी असेल तर दोन बोटांच्या वर जाऊ नये, कारण चार बोटी पट्ट्यांनी खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची जागा मोजक्या उड्यांतच संपते आणि माणूस कापून जोडल्यासारखा वाटतो. उंच माणसांनी मात्र खुशाल घ्यावा. बारीक रेघांत ती उगाच हिशेबाच्या वहीसारखी दिसतात.

रुंद आडव्या पट्ट्याची एकच खबरदारी घ्यायची. तो कुठे बसतो ते बघायचं. सगळ्यात गडद पट्टा छातीच्या किंवा पोटाच्या सगळ्यात भरलेल्या भागावर बरोबर बसला की नजर तिथेच अडकते. तो दोन बोटं वर किंवा खाली सरकला तरी काम भागतं. हे दुकानात कळत नाही, कापड अंगाला लावून आरशात बघितल्यावरच कळतं. आरसाही हातभर अंतरावरचा नको. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात ट्यूबलाइटखाली काउंटरवर पसरलेलं कापड एक दिसतं आणि दाराबाहेर उन्हात दुसरंच. दुकानदाराला सांगून तागा घेऊन दारापर्यंत या, सोबतच्या माणसाच्या खांद्यावर टाका आणि आपण दहा पावलं मागे जा. त्या रस्त्यावर दहा पावलं मागे जायला जागा मिळणं हे वेगळंच कौशल्य आहे, पण दुपारी दोनच्या सुमाराला जमतं. सोबत कुणी नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. त्यात पट्टे अजूनही किंचाळत असतील तर रंगांचा विरोध फार आहे. अगदी सपाट राखाडी दिसलं तर ठळक म्हणून घेतलेलं कापड ठळक नाही. गंमत म्हणजे लाल आणि हिरवा एकमेकांशेजारी डोळ्यांना झोंबतात, पण कृष्णधवल फोटोत बऱ्याचदा एकच होतात. तसं झालं तर त्या जोडीपासून मी लांब राहते.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे कापड आणि शिवण.

कापड उलटं करून बघा. रेघ मागच्या बाजूलाही तेवढीच स्वच्छ असेल तर ती बहुधा विणलेली. मागे फिकट, पुसट दिसली तर छापलेली. विणलेली रेघ ताण्याच्या किंवा बाण्याच्या दोऱ्यांतूनच आलेली असते, त्यामुळे ती कापडाच्या धाग्याबरोबर सरळच जाते. छापलेल्या रेघेची तशी हमी नाही. छपाईच्या वेळी कापड जरा तिरकं ओढलं गेलं की रेघ एका दिशेला आणि धागा दुसऱ्या. मग मास्तरांनी रेघेबरोबर कापलं तर दोन धुण्यांत कुर्ता अंगावर पिळल्यासारखा फिरतो, बाजूची शिवण पोटावर येते. धाग्याबरोबर कापलं तर रेघा खालच्या घेरावर तिरक्या दिसतात. दोन्हीकडून मरण. हे तपासायला सोपं आहे. कापडाच्या तुटक्या कडेचा एक दोरा ओढा आणि तो रेघेला समांतर जातो का बघा. बोटभर जरी फरक दिसला तरी ते कापड उशीच्या अभ्र्यांना ठेवा. विणलेले पट्टे हवेत तर कर्वे रस्त्यावरच्या हर्षल हॉल, सोनल हॉलमध्ये हातमागाची प्रदर्शनं लागतात त्यांच्याकडे लक्ष ठेवा. तिथे मंगलगिरीच्या सुती पट्ट्या, बंगालच्या बेगमपुरी साड्या, कधी मशरूही बघायला मिळतं. रविवार पेठेत कापडगंजाच्या बाजूला तागे स्वस्त पडतात, पण तिथे दोरा ओढून बघायला विसरू नका.

कटपीस घेऊ नका, हे मात्र निक्षून सांगते. पट्ट्यांच्या कापडाला नेहमीच्या मापाचं कापड पुरत नाही. का, ते समजून घ्या. पट्ट्यांचा क्रम पुन्हा जिथून सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर मोजा. समजा लाल, पांढरा, काळा, पांढरा असा क्रम आहे आणि तो पंधरा सेंटिमीटरमध्ये संपतो. आडव्या पट्ट्यांच्या कुर्त्याचे मोठे तुकडे चार, म्हणजे पुढचा, मागचा आणि दोन बाह्या. प्रत्येक तुकडा कापताना रेघ जुळवण्यासाठी मास्तरांना कापड खाली-वर सरकवावं लागतं आणि त्यात जास्तीत जास्त एक क्रम वाया जातो. चार तुकड्यांचे साठ सेंटिमीटर झाले. सगळंच काही वाया जाणार नाही, पण नेहमी अडीच मीटर लागत असेल तर तीन मीटरच्या खाली घेऊ नका. क्रम पाच-सहा सेंटिमीटरचा छोटा असेल तर पाव मीटर जास्त पुरे. सुती कापड असेल तर आकसणं वेगळं धरा, आणि रंग सुटत नसेल तर शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. हे तीन मीटर ऐकून दुकानदार तुमच्या तब्येतीकडे बघेल. बघू द्या.

दुसऱ्या वेळी मास्तरांकडे गेले तेव्हा मी गप्प बसले नाही. नवे मास्तर, पेठेतल्याच एका बोळात, जिन्याखाली मशीन.

"मास्तर, रेघा जुळल्या पाहिजेत हं शिवणीवर."

"ताई, पट्ट्याचं काम आहे. वेळ जातो. शिलाई जास्त पडेल."

"पडू दे."

"मग बसा. कुठे कुठे जुळवायचं ते दाखवा, म्हणजे नंतर वाद नको."

त्यांनी कापड दुमडून पाटावर पसरलं, वरची रेघ खालच्या रेघेवर आणून दर चार बोटांवर टाचणी टोचली, आणि मग खडू हातात घेतला. कात्री लावायला त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात एरवी ब्लाउज कापून होतो. बाजूच्या शिवणीला आधी कच्चा धावदोरा घातला, उलगडून बघितलं, एका जागी दोरा उसवून पुन्हा घातला. तेव्हा मला कळलं की पहिल्या मास्तरांना दोष देण्यात अर्थ नव्हता. न सांगता, नेहमीच्या शिलाईत, एवढं कुणी का करावं?

त्या दिवशी मी त्यांना ज्या जागा दाखवल्या त्याच तुम्हीही दाखवा. बाजूच्या शिवणी, काखेपासून खाली. बटणपट्टी, म्हणजे बटणं लावल्यावर रेघ एका बाजूकडून दुसरीकडे अखंड गेली पाहिजे. खिसा असेल तर तो अंगावरच्या रेघेत हरवून गेला पाहिजे. हात खाली सोडल्यावर छातीच्या उंचीला बाहीची रेघ अंगाच्या रेघेला मिळाली पाहिजे. मुंढ्याच्या वरच्या गोलाईत ती मिळणार नाही, तिथे हट्ट धरू नका, मास्तर मनातल्या मनात हसतील. उभ्या पट्ट्या असतील तर गळ्याच्या बरोबर मध्यावर एखादी पट्टी किंवा दोन पट्ट्यांमधलं अंतर मधोमध आलं पाहिजे. ते बोटभर जरी सरकलं तरी माणूस तिरका उभा असल्यासारखा दिसतो. कारण कुणालाच सांगता येत नाही, पण खटकतं सगळ्यांना.

जुळवणं शक्यच नसेल, कापड कमी असेल किंवा पॅटर्न कळ्यांचा असेल, तर उलटी युक्ती वापरा. दिशा मुद्दाम बदला. अंगावर उभ्या रेघा आणि योक आडवा. बाह्या आडव्या. कॉलर किंवा गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली. रेघ जिथे जुळत नाही तिथे ती काटकोनात वळवली की चूक वाटत नाही, ठरवून केलेलं वाटतं. पुढचा भाग दोन तुकड्यांत उरेब कापून मध्ये जोडला तर रेघा एकमेकींना भेटून बाणाचं टोक होतं. सुंदर दिसतं. मात्र त्याला कापड खूप लागतं आणि उरेब कापड लोंबतं, म्हणून खालचा घेर शिवण्याआधी कुर्ता एक रात्र हँगरला टांगून ठेवायला सांगा.

साडीला यातलं काहीच लागत नाही, आणि म्हणून पट्ट्यांची भीती वाटत असेल तर सुरुवात साडीपासूनच करावी असं माझं मत आहे. एकच रेघ साडीत तीन दिशांनी जाते. काठाला समांतर जाणारी रेघ कमरेभोवती आडवी फिरते, छातीवरून तिरकी चढते आणि खांद्यावरून पाठीवर उभी उतरते. आडव्या विणीचा पट्टा असेल तर निऱ्यांवर तो उभा पडतो आणि पदराच्या शेवटी आडवा. डोळ्याला एकाच दिशेने ओढणारं काही राहत नाही, त्यामुळे गादीपाटाची आठवण होतच नाही. निऱ्यांची एक गोष्ट मात्र करून बघा. साधारण पाच इंची निरी घातली की एका निरीला पुढून-मागून मिळून दहा इंच कापड जातं. आडव्या विणीच्या पट्ट्यांचा क्रम दहा इंचांत बसत असेल तर प्रत्येक निरीवर तोच रंग वर येतो. निरीची रुंदी अर्धा इंच कमी-जास्त करून हे जमवता येतं. चालताना आतला रंग क्षणभर डोकावतो. एवढं एक जमलं की दागिना नाही घातला तरी चालतं.

दागिन्याचं आलंच आहे तर सांगते. ठळक पट्टे अंगावर असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. ठुशी, मोत्यांचा तन्मणी किंवा नुसत्या कुड्या, यांपैकी एक काहीतरी. फुलाफुलांची ओढणी नको, साधी घ्या, आणि तिचा रंग पट्ट्यांतल्या सगळ्यात कमी दिसणाऱ्या रंगाचा असू द्या. पायात कोल्हापुरी. पट्ट्यांवर पट्टे घालायचेच असतील, आणि धाडसी माणसं घालतातच, तर रंग तेच ठेवा आणि रुंदी खूप वेगळी ठेवा. चार बोटी पदराखाली दोऱ्याएवढ्या रेघांचा ब्लाउज छान दिसतो. दोन बोटी पट्ट्यांवर तीन बोटी पट्टे मात्र शेजाऱ्यांच्या भांडणासारखे दिसतात.

पुरुषांना वाटतं हे सगळं बायकांचं. हिंजवडीच्या बसथांब्यावर सकाळी उभे राहा, निळ्या रेघांच्या शर्टांची रांगच लागलेली असते. पण त्या रेघा घाबरलेल्या असतात. पांढऱ्यावर फिकट निळी, केसाएवढी. दोन बोटी गडद पट्ट्यांचा सुती शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली एकरंगी पँट, एवढं शुक्रवारी ऑफिसला घालून बघायला काय हरकत आहे? टाय मात्र त्यावर नको, आणि खिशाला पेन अडकवून खिशाची जुळलेली रेघ झाकू नका. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला पुरुष मंडळी एकजात पांढरा झब्बा आणि शाल अशी येतात. तिथे पट्ट्यांची लोकरी शाल किंवा रुंद रेघांचं जाकीट पांढऱ्या झब्ब्यावर फार देखणं दिसतं. संध्याकाळच्या गारव्यात ते उपयोगाचंही असतं. झब्बा आणि जाकीट दोन्ही पट्ट्यांचे नकोत, एवढंच.

व्हिडिओ कॉलवर दिवस काढणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे बारीक, दाट रेघा घालूच नका. कॅमेऱ्याच्या बारीक जाळीशी त्या रेघांची टक्कर होते आणि पडद्यावर शर्ट पाण्यासारखा हलताना दिसतो. समोरच्याला तुमच्या बोलण्यापेक्षा शर्टच दिसतो. रुंद पट्ट्यांना हा त्रास नाही. आणि काळ्या-पांढऱ्या दाट पट्ट्यांकडे बघून काही माणसांना, विशेषतः अर्धशिशीवाल्यांना, खरोखर त्रास होतो. घरात असं कुणी असेल तर काळ्याऐवजी गडद निळा किंवा तपकिरी, आणि पांढऱ्याऐवजी साय-रंग घ्या. ठळकपणा फारसा कमी होत नाही.

धुण्याबद्दल थोडक्यात. पट्ट्यांच्या कापडाचा शत्रू म्हणजे शेजारी. लाल पट्टीचा रंग सुटून पांढऱ्या पट्टीला लागला की कपडा संपला. कापड घरी आणल्यावर पांढरा ओला रुमाल त्याच्या आतल्या बाजूला, गडद पट्टीवर, मिनिटभर घासा. रुमाल रंगला तर ते कापड धुवायचंच वेगळं, थंड पाण्यात, न भिजवता, आणि लगेच सावलीत उलटं वाळत घालायचं. घडी घालून ओलं ठेवायचं नाही. मीठ-तुरटीचा उपाय आजीच्या काळच्या रंगांसाठी होता. आजच्या कापडांवर त्याची फारशी भिस्त ठेवू नका. इस्त्री रेघेच्या दिशेने फिरवा. आडवी-तिडवी दाबली तर पातळ सुती कापडाची रेघ वाकडी होते आणि ती तशीच बसते.

माझ्या दुसऱ्या कुर्त्याचे पट्टे असमान आहेत. तीन बोटं मातकट पिवळा, एक बोट काळा, मध्ये दोऱ्याएवढी पांढरी रेघ. आत्याने तो बघितला, बाजूची शिवण हातात धरून उजेडात नेली आणि म्हणाली, "शिवलाय बरा." पेठेत यापेक्षा मोठं कौतुक होत नाही. पहिल्या कुर्त्याचे दोन अभ्रे झाले.

एक विनंती मात्र आहे. पट्ट्यांचं कापड दिवाळीच्या तोंडावर शिवायला टाकू नका. नवरात्र बसलं की मास्तरांकडे ब्लाउजांचे ढीग लागतात आणि टाचण्या लावून रेघ जुळवत बसायला कुणाला सवड नसते. दिवाळीला घालायचं असेल तर श्रावणातच नेऊन द्या, दुकान जरा रिकामं असतं तेव्हा, आणि पहिली कात्री लागेपर्यंत तिथेच बसा.